तिसऱ्याचं नाव

त्या वृद्धाश्रमात भांडायलासुद्धा वेगळी खोली होती. जिन्याखालची, पूर्वी बादल्या आणि झाडू ठेवायची. मॅडमनी ती रिकामी करून घेतली, भिंतींना फिकट निळा रंग लावून घेतला आणि आत एकाच उंचीच्या दोन खुर्च्या मांडल्या. मध्ये टेबल नाही, कारण टेबल आलं की एक जण साहेब होतो आणि दुसरा नोकर. बाजूला स्टूल, स्टुलावर पाण्याचा पेला आणि टिश्यूचा डबा. भांडण हा शब्द मात्र तिथे चालत नसे. तिथे ‘अवघड बोलणं’ व्हायचं. सेविका आपापसात तिला गोड खोली म्हणत, आणि कोणाला आत बोलावणं आलं की बाकीच्या हळूच म्हणत, ‘गेली बिचारी पाकात.’

मॅडम म्हणजे तिथल्या पर्यवेक्षिका. दर शनिवारी त्या सगळ्यांना अवघड बोलणं शिकवत. नियम तीनच. आवाज चढवायचा नाही. प्रश्न विचारला की आपण गप्प बसायचं. समोरच्याला शांतता सोसत नाही, तो आपणहून बोलायला लागतो. आणि तिसरा, मॅडमचा लाडका: खोलीत नसलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही. ‘ती असं म्हणाली, त्यानं तसं केलं’ बंद. ज्यानं त्यानं फक्त स्वतःबद्दल बोलायचं. या नियमानं चहाड्या थांबल्या, हे खरं. खऱ्या तक्रारीही थांबल्या, आणि ती सगळी शांतता मॅडमनी आपल्या कर्तबगारीत जमा करून टाकली.

अक्का ही मॅडमची नणंद. वयानं मोठी, नवरा लवकर गेलेला, भावाच्या घरी राहणारी. तिला इथे सेविका म्हणून मॅडमनीच लावलं होतं. ते उपकार त्या स्वतः विसरल्या नव्हत्या आणि अक्कानं विसरू नयेत याचीही काळजी घेत. फाटकाच्या आत अक्का त्यांना ‘मॅडम’ म्हणे आणि ‘अहो’ लावी. फाटकाबाहेर पाऊल पडलं की त्याच बाईला ‘वहिनी’ आणि ‘तू’, आणि मॅडम तिला ‘ताई’ म्हणत. घरात पडदे कुठले लावायचे ते अक्का ठरवी, पाहुण्यांना कुठे निजवायचं ते अक्का ठरवी, आणि मॅडमचे यजमान बायकोनं काहीही विचारलं की म्हणत, ‘अक्काला विचारलंस का?’ लग्नाला इतकी वर्षं होऊनही हेच ऐकणाऱ्या बाईच्या पोटात काय साठत जातं, ते कुठल्या शनिवारच्या वर्गात शिकवत नाहीत.

पण अक्काला ही नोकरी हवी होती. भावाच्या घरी आपण आयतं खात नाही, एवढं एकच तिला ताठ मानेनं म्हणता येत होतं. शिवाय ते काम तिला येत होतं आणि आवडतही होतं, असं म्हणणारी माणसं त्या इमारतीत फार नव्हती.

मॅडमची आईही तिथेच राहायची, अक्काच्याच दालनात. खिडकीजवळची, सगळ्यांत उजेडाची खाट मॅडमनी तिच्यासाठी वशिल्यानं मिळवली होती. आजींची आठवण विरत चालली होती. पोटच्या लेकीला त्या कधी ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत, कधी नुसतंच ‘कोण गं तू?’ अक्काला मात्र न चुकता, थोरल्या लेकीला मारावी तशी, ‘मोठे’ अशी हाक. ‘मोठे, पाणी दे. मोठे, इथं बस.’ हे ऐकलं की मॅडम हसत. ते हसू दातांच्या मागे कधी जात नसे.

आणि आजींचा हात चालायचा. मारायच्या नाहीत, चिमटा काढायच्या. दंडाच्या आतली मऊ जागा पकडून पिळायच्या आणि सोडायच्या नाहीत. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. जवळ जो येईल त्याला. जवळ अक्काच असायची, म्हणून अक्का भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा राखाडी स्वेटर घालून वावरायची.

‘काय अक्का, बर्फात निघालात की काय?’ मॅडम सगळ्यांदेखत विचारत. सेविका हसत.

‘हाडं गारठलीत, मॅडम,’ अक्का म्हणे.

शेजारच्या खाटेवर मास्तरीणबाई होत्या. जन्मभर वर्गात बोलून पोट भरलेल्या या बाईंची वाचा अर्धांगाच्या झटक्यात गेली होती. ओरडायचं म्हटलं तरी नुसता घशातून वारा निघे. आजींनी आपल्या खाटेवरून हात लांब केला की मास्तरीणबाईंचा दंड आयता हाती लागायचा.

संस्थेचा नियम सोपा होता आणि दाखल करतानाच तो घरच्यांना ऐकवला जायचा: जो दुसऱ्याला इजा करेल त्याला त्याच आठवड्यात घरी न्यायचं. हा नियम मॅडमनीच आजवर कितीतरी लेकांना आणि सुनांना ऐकवला होता, अतिशय हळुवारपणे.

अक्कानं एकदा सांगून पाहिलं होतं. कपडे धुवायच्या खोलीबाहेर, चादरींचा गठ्ठा कमरेवर घेऊन. ‘मॅडम, तुमच्या आईंचा हात चालतो हो. मास्तरीणबाईंना लागतंय. त्यांची खाट भिंतीकडे घेऊ या का?’

मॅडमनी आवाज चढवला नाही. ‘अक्का, माझ्या आईनं जन्मात मुंगी मारली नाहीये. खिडकीची जागा मी तिच्यासाठी मुद्दाम घेतलीय. आणि समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाही, हे तुम्हालाही सांगायला हवं का?’

घरी बोलावं, तर घरी मॅडमचा वेगळाच नियम: कामाचं कामावर. भावाच्या कानावर घालावं, तर नवरा-बायकोत काडी टाकणारी नणंद व्हायचं अक्काच्या जिवावर येई. आणि सांगून होणार काय होतं? म्हातारीला घरी धाडलं असतं, आणि घरी दिवसभर तिच्यापाशी कोण बसणार? तेव्हा अक्कानं तोंडाला कुलूप घातलं. जेवण दालनातच उभ्याउभ्या करायला लागली, दोन खाटांच्या मधे. पण माणूस कितीही पहारा देवो, कधीतरी संडासला जातोच.

एका रविवारी मास्तरीणबाईंचा मुलगा भेटायला आला. आईची बाही वर सरकवली तर दंडावर हिरवे-निळे डाग, एकावर एक. त्यानं कचेरीत जाऊन असा आवाज लावला की स्वयंपाकघरातली माणसं बाहेर आली. संचालक साहेबांना कुणी मोठ्यानं बोललं की नेमकं कुठेतरी जायचं असायचं. जाताजाता त्यांनी मॅडमना सांगितलं, ‘तुम्हीच बघा बुवा. तुमच्यासारखं बोलणं दुसऱ्या कुणाला जमत नाही.’ त्या दालनात दिवसपाळीला कोण असतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

सोमवारी अक्काला गोड खोलीत बोलावणं आलं.

मॅडमनी सोबत चष्मेवालीला घेतलं होतं. ही नवीन समुपदेशक मुलगी, नुकतीच शिकून आलेली. तिला मॅडम म्हणाल्या होत्या, ‘तू फक्त बघ. घरच्या माणसाशीसुद्धा निःपक्षपाती कसं राहायचं, ते बघ.’ चष्मेवाली दाराजवळ स्वतःची खुर्ची आणून बसली आणि डोळे मोठे करून बघायला लागली.

‘अक्का, तुम्हाला इथे सुरक्षित वाटतंय ना?’ मॅडमनी सुरुवात केली.

‘सुरक्षित म्हणजे?’

‘म्हणजे मोकळेपणानं बोलू शकाल ना?’

‘बोलते की.’

‘मास्तरीणबाईंच्या दंडावर खुणा आहेत. तुमच्या पाळीत झाल्या. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.’ आणि मॅडम गप्प झाल्या. हात मांडीवर, मान जराशी कललेली, चेहऱ्यावर माया. ही माया त्यांनी आरशासमोर बसवली होती आणि ती फार छान बसली होती.

‘मी नाही हात लावला त्यांना,’ अक्का म्हणाली.

मॅडम गप्प.

‘देवाशपथ नाही. तुम्हाला ठाऊक आहे मी कशी आहे ते.’

गप्प.

‘अहो, ती शेजारची खाट—’

‘अक्का,’ मॅडम हळूच म्हणाल्या, ‘तिसऱ्याचं नाव नाही. आपण तुमच्याबद्दल बोलतोय.’

‘पण त्याशिवाय सांगणार कसं?’

‘तुमच्याबद्दल सांगा.’

पुन्हा शांतता. वर जिन्यावरून कुणीतरी चाकांची खुर्ची एकेक पायरी खाली आणत होतं, तिचे दणके डोक्यावर बसत होते. अक्कानं वहिनीकडे पाहिलं. त्या डोळ्यांत तिला सरळ दिसलं की या बाईला उत्तर माहीत आहे, आणि ते तिला नकोय. दुसरं एक उत्तर हवंय, आणि ते घेतल्याशिवाय ती उठणार नाही. अक्का रोज माणसांच्या तोंडातले न बोललेले शब्द ओळखायची. तहान, लघवी, भीती. हेही तिनं ओळखलं.

‘मी कमी पडले,’ ती शेवटी म्हणाली.

‘कमी पडले म्हणजे?’

‘माझ्या पाळीत झालं. माझं लक्ष हवं होतं. माझ्यामुळे झालं म्हणा.’

‘म्हणा नाही. तुम्हाला काय वाटतं?’

‘माझ्यामुळे झालं.’

मॅडमनी श्वास सोडला. चष्मेवालीकडे एक नजर टाकली: बघितलंस? मग पुढे वाकून अक्काच्या दंडावर हात ठेवला, बरोबर स्वेटरवर, बरोबर जिथे डाग होते तिथे, आणि दाबला. अक्का कळवळली. मॅडमना तो पश्चात्ताप वाटला.

‘हे बोलायला धैर्य लागतं, अक्का. धन्यवाद.’ आणि टिश्यूचा डबा पुढे केला. अक्कानं एक कागद ओढला आणि पेल्याखाली स्टुलावर पाण्याचं कडं उमटलं होतं, ते पुसून टाकलं. तिच्या हाताला स्वस्थ बसायची सवय नव्हती.

तिला उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. तेही कसं, तर ‘तुम्हाला आता विश्रांतीची गरज आहे’ अशा शब्दांत. केसानं गळा कापणं म्हणतात ते दुसरं काय असतं! संध्याकाळी दोघी एकाच छताखाली जेवल्या. कामाचं कामावर, म्हणून कोणी काही बोललं नाही. यजमानांनी विचारलं, ‘अक्का, आज गप्पशी?’ तर मॅडमच म्हणाल्या, ‘दमल्यात त्या.’ आणि अक्काच्या ताटात आपल्या हातानं वाढलं.

अक्कानं दुसरीकडे काम शोधलं. शहरात असे वृद्धाश्रम आणखी होते, आणि चांगल्या सेविकेची सगळीकडे वानवा. पण प्रत्येक ठिकाणाहून जुन्या संस्थेत फोन यायचा आणि तो मॅडमकडे जोडला जायचा. मॅडम कुणाबद्दल वाईट बोलतच नसत. ‘फार कष्टाळू आहेत,’ त्या म्हणत. मग थोडं थांबून, ‘एक प्रसंग घडला होता. एका असहाय बाईच्या अंगावर खुणा. त्यांनी स्वतः कबूल केलं, हा त्यांचा मोठेपणा. आम्ही क्षमा केलीय त्यांना.’ पलीकडचा माणूस ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवायचा. अक्काला कळलं की आता ‘म्हाताऱ्यांना मारणारी बाई’ हे आपलं नाव पडलंय. ती स्वयंपाकघरात भांडी घासत बसायची, घासलेलीच पुन्हा. यजमान आता बायकोला ‘अक्काला विचारलंस का’ असं म्हणेनासे झाले. मॅडमनी पडदे बदलले.

अक्काच्या जागी नवी आली. तरणी, दांडगी, घसा फाटका. तिला शनिवारचा वर्ग अजून मिळाला नव्हता, त्यामुळे तिला काहीच शिकवलेलं नव्हतं. भेटीच्या वेळेला, मास्तरीणबाईंचा मुलगा आईला भरवत बसलेला असताना, नव्या सेविकेनं दालनाच्या त्या टोकावरून बघितलं आणि जी आरोळी ठोकली ती फाटकापर्यंत गेली. ‘अगं ए म्हातारे, सोड! सोड तिला! अहो बघा, खिडकीवालीनं रक्त काढलं हो!’

मुलानंही पाहिलं. आजींची बोटं सोडवायला दोघं लागली. आजींचा चेहरा लहान मुलासारखा निरागस होता.

संचालक साहेबांना तातडीनं कुठेतरी जायचं होतं. जाताजाता ते चष्मेवालीला म्हणाले, ‘मॅडमशी तूच बोल. तू त्यांचीच विद्यार्थिनी.’

तेव्हा गोड खोलीत मॅडम दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. खुर्च्या एकाच उंचीच्या होत्या, पण ही जरा डुगडुगत होती. इतकी वर्षं हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं.

‘मॅडम, तुम्हाला इथे सुरक्षित वाटतंय ना?’ चष्मेवालीनं विचारलं. कुचेष्टा नव्हती त्यात. पोरगी मन लावून शिकली होती.

‘ते जाऊ दे. हे बघ, हे सगळं अक्कानं लपवलं. तिनं जर वेळेवर—’

‘मॅडम,’ चष्मेवाली मायेनं म्हणाली, ‘तिसऱ्याचं नाव नाही घ्यायचं. आपण तुमच्याबद्दल बोलू या.’

‘अगं, पण तिनंच तर—’

चष्मेवाली गप्प बसली. मान कललेली, हात मांडीवर. मॅडमना तो डाव पाठ होता. त्यांनीच तर शिकवला होता. आपण बोलायचं नाही, एवढंच करायचं होतं. त्या ओठ दाबून बसल्या. जिन्यावरून कुणीतरी घाईनं गेलं. पेल्यातलं पाणी थरथरलं. ही शांतता आतून कशी लागते ते त्यांना पहिल्यांदा कळत होतं, आणि ती मुलगी ढिम्म हलत नव्हती.

‘मला माहीत होतं,’ मॅडमच्या तोंडून निघालं.

‘हे बोलायला धैर्य लागतं,’ चष्मेवाली म्हणाली. ‘धन्यवाद.’ आणि डबा पुढे केला. तिचे स्वतःचेच डोळे भरले होते, म्हणून तिनं आधी एक कागद स्वतःला घेतला.

मॅडमची नोकरी राहिली. अक्काचं नाव कुणी काढलंच नाही; ती खोलीत नव्हती. शनिवारचा वर्ग चष्मेवालीकडे गेला. आणि नियम तो नियम: आठवड्याच्या आत आजी घरी आल्या, नव्या पडद्यांच्या खोलीत.

प्रश्न दिवसाचा होता. दोघंही नवरा-बायको कामावर जाणार. माणूस ठेवावं, तर आलेली पहिली बाई दंड चोळत दुपारीच निघून गेली, दुसरीनं नुसती ख्याती ऐकूनच नकार कळवला. मॅडमनी रजा काढल्या, रजा संपल्या. यजमान म्हणाले, ‘घरात अक्का आहे की. विचार तिला.’

‘तुम्ही विचारा ना.’

‘मी नको बुवा. तुला चांगलं बोलता येतं.’

अक्का स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मॅडमनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर, मधे टेबल येणार नाही अशी.

‘ताई, तुम्हाला हल्ली घरात कसं वाटतंय?’

अक्कानं शेंग सोलली. दाणे टोपात पडले.

‘म्हणजे, दिवसभर घरात बसून कंटाळा येत असेल.’

दुसरी शेंग.

‘आईला तुमची सवय आहे हो. तुमचंच नाव घेते. माझ्या हातून तर पाणीसुद्धा पीत नाही.’

अक्का मटार सोलत राहिली. तिनं मान कलवली नव्हती, चेहऱ्यावर मायाबिया काही आणली नव्हती. ती नुसती गप्प होती, आणि घड्याळ, नळ, शेंगा यांचे आवाज तेवढे येत होते.

‘मी चुकले, ताई,’ मॅडम म्हणाल्या. आणि मग बांध फुटला. ‘मला माहीत होतं सगळं. तुम्ही सांगितलं होतं मला. आईला घरी आणावं लागेल म्हणून मी... आणि तेवढंच नाही. मला बरं वाटलं, ताई. तुम्ही त्या खुर्चीवर बसलात ना, तेव्हा मला फार बरं वाटलं. फोन यायचे तेव्हाही मी मुद्दाम... मी वाईट आहे. पण आता माझी नोकरी जाईल. मी पाया पडते तुमच्या. आईला सांभाळा.’ त्या हुंदके देऊन रडत होत्या, आणि हे रडणं आरशासमोर बसवलेलं नव्हतं. नाक वाहत होतं.

अक्कानं शेवटची शेंग सोलली, टरफलं गोळा केली, हात पुसले. मग तेच फडकं पुढे केलं.

‘झालं बोलून?’ ती म्हणाली. ‘धैर्य लागतं हं असं बोलायला. धन्यवाद.’

मॅडमनी मान वर केली.

‘आता मी माझ्याबद्दल बोलते. दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाही. मी म्हाताऱ्या माणसांवर हात टाकते, वहिनी. कबूल केलंय मी. सगळ्या शहराला ठाऊक आहे, क्षमासुद्धा झालीय मला. माझ्यासारखीच्या हातात आईला कशी देतेस? उद्या तिच्या दंडावर एक डाग दिसला, तर मी काय सांगू? कुणी केला म्हणून सांगू?’

‘ताई, असं नका हो—’

‘लाँड्रीत इस्त्रीचं काम मिळालंय. कपड्यांना मारलं तरी चालतं तिथं. मागेच खोली देतात राहायला. सोमवारपासून जाते.’ ती उठली आणि मटाराचा टोप ओट्यावर ठेवला. ‘भावाला मी सांगते. तू नको सांगूस. तू फार गोड सांगतेस.’

सोमवारी ती एक पिशवी घेऊन गेली. निरोप घ्यायला आजींच्या खोलीत डोकावली, म्हातारी झोपली होती, तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि दार ओढून घेतलं.

ती गेल्यावर थोड्या वेळानं आतून हाक आली. ‘मोठे! ए मोठे!’

मॅडम गेल्या. खाटेजवळ खुर्ची घेतली, आईच्या उंचीला उंची येईल अशी बसल्या. ‘काय होतंय, आई?’ अगदी हळू आवाजात.

‘मोठी कुठाय?’

‘मोठी नाहीये. मी आहे ना.’

‘तू कोण?’

आईनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग हात लांब केला, जणू गाल कुरवाळायला, आणि दंडाची आतली मऊ जागा पकडून पिळली. मॅडमनी बोटं सोडवायचा प्रयत्न केला. सुटेनात. त्यांनी हाक मारली, ‘ताई!’ आणि मग आठवलं.

दुसऱ्या दिवशी यजमानांना आजींपाशी बसवून त्या कामावर आल्या, त्या पूर्ण बाह्यांचा राखाडी स्वेटर घालून. अक्काचा होता, खुंटीवर राहिलेला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. ‘काय मॅडम, बर्फात निघालात की काय?’ नव्या सेविकेनं फाटकातच विचारलं, आणि सगळ्या जणी हसल्या.

‘हाडं गारठलीत,’ मॅडम म्हणाल्या.